गुलाबाच्या विहिरीवरचा टँकर

हॉर्न एकदा वाजला तो थांबंचना.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या सालची गोष्ट. चैत संपत आलता. उन्हाच्या भेवानं घाटनांदूरच्या शिवारात सावल्यासुद्धा झाडाच्या बुडाला चिटकून बसायच्या, बाहेर म्हणून निघायच्या न्हाईत. आन् अशात सकाळच्या पारी गुलाबाच्या मळ्याकडून तो हॉर्न सुरू झाला... स्टेशनात उभी असलेली परळीची गाडी म्हणं गार्डाची शिट्टी समजून निघून गेली, आन् गार्ड चहाचा कप हातात घेऊन तिच्या मागं पळत सुटला. खोटं वाटंल तर गार्डाला इचारा.

शिवकांता उसाच्या पाचटाची पेंडी टाकून विहिरीकडं धावली. बघती तर टँकर उभा, आन् आत एक गडी स्टेअरिंगवर कपाळ टेकून निपचित. दार उघडून तिनं त्याची कॉलर धरली आन् मागं वढली. हॉर्न थांबला. शांतता तर अशी पसरली की चिमणी खोकली तरी ऐकू यावी. गड्याच्या कपाळावर हॉर्नच्या बटणाचा गोल शिक्का उमटलेला, आत कंपनीचं नाव उलट्या अक्षरात.

"झोपलाव का मेलाव?" तिनं इचारलं.

"दोनी न्हाई," डोळे न उघडताच तो म्हणला. "इचार करायलो."

"हॉर्नवर डोकं ठिवून?"

"जड इचार होता."

तिला हसू आलतं. पण हसायला बी अंगात बळ लागतं, आन् तेवढं तिच्यात राह्यलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात शिवकांता हसायचं काम संध्याकाळवर ढकलायची आन् संध्याकाळी इसरून जायची.

तिची तऱ्हाच तशी होती. बाप गुरुपाद, त्याचं स्टेशनापाशी हारफुलाचं दुकान. घरात पिढ्यान् पिढ्या शिवपूजा, बेल आन् फुलं. पण फुलं आणायची लातूरहून, पयल्या एसटीनं. गुलाब तर तिथून निघतानाच रुसलेले असायचे, घाटनांदूरला उतरेपर्यंत माना टाकायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, बाई, हे फूल देवाला वाहायचं का देवावरचं उतरवलेलं हाय? आयकून आयकून शिवकांताचं डोस्कं फिरलं. घरचं रान होतं, विहीर होती. तिनं गावातल्या बाया गोळा केल्या, सहकारी संस्था काढली, त्यातल्या वयानं थोर छबुबाईला उपाध्यक्ष केलं आन् स्वतः अध्यक्ष झाली. लाल गुलाब लावला. पयल्या साली असा आला की अंबाजोगाईच्या फुलवाल्यांनी लातूरचा रस्ता सोडला. छबुबाई तर सांगायची, वासानं मधमाश्या पार केजवरून शेअर जीपनं यायच्या.

मंग पावसानं पाठ फिरवली. एक साल, मंग दुसरं. शिवकांता परत लातूरच्या एसटीत उभी राहू लागली, यून दुकान लावू लागली, दुपारी मळ्यात, संध्याकाळी घागरी घेऊन रांगेत. लगीन कर म्हणणाऱ्यांना ती म्हणायची, आधी मला एक पोटभर झोप मिळू द्या, मंग बघू नवरा कसला मिळतो ते.

आन् आता तहसीलनं मळ्याची विहीर गावाच्या पिण्यासाठी ताब्यात घेतलती. पाणी गावाला, ठिबक बंद. तिनं हुज्जत घातली नव्हती. पिणाऱ्यात तिची आई दानम्मा होती, छबुबाईची नातवंडं होती. पण संस्थेतल्या बाया तिच्या तोंडाकडं बघायच्या... गुलाबाचं काय आता? तिच्या एका शब्दावर ह्या बायांनी भाजीचे वाफे मोडून गुलाब लावलता.

ते पाणी न्यायला आलेला हा गडी म्हंजे केजचा वैजिनाथ. बापाचं बियाणाचं दुकान. पेरणीच न्हाई तर बियाणं कोण नेतंय, म्हणून हा टँकरवर बसला. ह्या गावाला भर, त्या वस्तीला रिकामा कर, परत भर. झोप कुठं? तर विहिरीवर, मोटर चालू असती तेवढा वेळ.

"टाकी भरली की उठवा," पयल्याच दिशी तो म्हणला. "पाणी शिंपडलं तरी चालंल."

"पाणी असतं तर झाडाला घातलं नसतं का?"

काचंतून त्यानं गुलाबाच्या वळीकडं पाह्यलं. पानं करपलेली, कळ्या बोराएवढ्या. मंग तिच्याकडं पाह्यलं... आन् मंग त्याला झोप लागली.

तवापासून असं ठरून गेलं. मोटर चालू झाली की त्यानं झोपायचं, टाकी भरली की हिनं पत्र्यावर ढेकूळ मारायचं. उठला की तो म्हणायचा, आभारी हाय अध्यक्षबाई. ती म्हणायची, आभार गावाला सांगा, मी ढेकळं फुकट देत न्हाई.

टँकरचा मागचा व्हॉल, पाणी सोडायची तोटी, गळका होता. सगळेच टँकर गळतात, रस्त्यावर पाण्याची रेघ वढत जातात, आन् कुत्री त्या रेघंमागं जीभ लावून हिंडतात. पयले काही दिस वैजिनाथ टँकरचं तोंड मळ्याकडं करून उभा करायचा. मंग एक दिस त्यानं उलटा घातला, असा की गळका व्हॉल बरोबर पयल्या वळीच्या डोक्यावर आला. शिवकांतानं पाह्यलं. दुसऱ्या दिशी तिथं बादली ठिवली. त्यानं बी पाह्यलं. त्या बादलीतून ती तांब्या तांब्यानं एकेका झाडाला पाजायची, बाळंतिणीला पेज पाजावी तसं.

लई दिवसांनी तिनं सहज इचारलं.

"व्हॉल दुरुस्त कावून करीत न्हाई तुमी?"

"सामान मिळंना."

"कुठं इचारलं?"

"इचारलंच न्हाई अजून."

छबुबाई खुरपं घासत बसलती. ती खुरप्यालाच म्हणली, हा टँकर गळायलाय का टँकरवाला, काय कळंना बाई.

एकदा तर कमाल झाली. शिवकांता पाचट पसरत होती, वर बघती तर वैजिनाथ वाकून एका फुलाला नाक लावून उभा. त्या पट्ट्यात तेवढं एकच फूल उमललं होतं.

"काय केलं तुमी?"

"काय न्हाई... नाक गेलं."

हुंगलेलं फूल देवाला चालत न्हाई, हे फुलवाल्याच्या घरात पोराला चालायच्या आधी शिकवतात. देवाचं फूल देवानंच पयल्यांदा हुंगायचं. माहीत असून ते इकायचं म्हंजे पाप. तिनं त्याला हे सगळं सुनवलं. तो मान खाली घालून आयकत राह्यला आन् शेवटी म्हणला, मंग आता ह्याचं काय?

"फेकायचं, दुसरं काय."

"एवढ्या उन्हात उमललंय बिचारं... तुमी लावा की."

आता शिवकांतानं जल्माला आल्यापासून हार गुंफले होते, पण डोस्क्यात फूल कधी माळलं नव्हतं. हलवायाच्या पोरीला पेढ्याचं काय कौतुक. पण वादात वेळ जायला लागला म्हणून तिनं ते माळलं. निदान छबुबाईला तिनं असंच सांगितलं. दुसऱ्या दिशी परत त्याचं नाक गेलं. तिसऱ्या दिशी बी. छबुबाई म्हणली, ह्या बैलाला येसण घाला कुणीतरी, न्हाईतर परळीचा वैद्यनाथ एक दिस उपाशी राहील.

असं चाललं होतं. गोड होतं, पण दमवणारं होतं. ऊन काही कमी होईना, विहीर तळाला चालली, आन् शिवकांताच्या डोळ्याखाली अशी काळी वर्तुळं आली की दानम्मा म्हणायची, काजळ पुसून ये गं. पोरगी म्हणायची, आई, ते निघत न्हाई.

मंग ती दुपार आली. लातूरहून येताना शिवकांता उभीच आलती. दुकानात बापाला फुलं टाकली आन् तशीच मळ्यात. टँकर लागलेला, मोटर चालू, वैजिनाथ आत पसरलेला. टँकरच्या सावलीत मोटारीच्या खोलीची पायरी लई गार होती. ती मनाशी म्हणली, टेकते जरा... डोळे न्हाई मिटायचे.

मिटले.

सपनात पाऊस पडायला लागला. चांगला धो धो. सपनात ती म्हणत होती, राहू द्या, कुणी उठवू नका मला.

छबुबाई मळ्यात आली तवा बघती तर आत गडी झोपलेला, पायरीवर बाई झोपलेली, आन् टँकर चारी अंगानं वाहतोय, जसं काय शंकराच्या पिंडीला कुणी अभिषेक सुरू करून इसरून गेलंय. गुलाबाच्या वळी घोट्याएवढ्या पाण्यात. वाफ्यात बगळे उतरले होते म्हणं, आन् एका बगळ्याच्या तोंडात मासा बी होता. मोटर कोरडी खोकायली होती. विहीर त्या दिसापुरती संपली होती.

छबुबाईनं आधी मोटर बंद केली. मंग ती तशीच उभी राह्यली. त्यांना उठवायला तिचं मन होईना. नंतर ती सांगायची, त्या पोरीचं कपाळ इतक्या वर्सात पयल्यांदा सैल पाह्यलं मी.

पण पाणी गेलं ते गेलं. भरली होती ती टाकी गावात संपली, दुसऱ्या खेपेला विहिरीत थेंब नव्हता, आन् त्या दिशी गावाबाहेरच्या वस्तीला टँकर पोचला न्हाई. लेकरं रिकाम्या घागरीपाशी झोपली. ह्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिशी मारुतीच्या पारावर सगळं गाव गोळा झालं. सरपंच अर्जुनराव मधी बसलेले. म्हातारा आप्पाराव सगळ्यात जोरात बोलत होता. गुलाब उपटा, डायवर हाकला, माणसं तहानेली आन् ह्यांना फुलं सुचायलीत. संस्थेच्या बाया माना घालून बसलेल्या. अर्जुनराव म्हणले, आधी मला हे सांगा, जागं राहायचं काम कुणाचं होतं?

"माझं," शिवकांता म्हणली.

"माझं," वैजिनाथ म्हणला.

"हे तर रोजच झोपतात," ती म्हणली. "उठवायचं मी कबूल केलतं. मी झोपले."

"टँकर माझ्या ताब्यात. ह्या बाईचा संबंध न्हाई."

"कसा न्हाई? विहीर कुणाची?"

"अध्यक्षबाई, तुमी गप बसा."

"तुमी गप बसा. माझ्या गावात यून माझा गुन्हा पळवता का?"

"तुमचा कसला? झोप मला आधी लागली."

"म्हणून काय झालं? मला जास्त लागली."

अर्जुनराव एकदा हिच्याकडं बघायचे, एकदा त्याच्याकडं. मी न्हाई, त्यो चोर, असं म्हणणारे त्यांनी जल्मभर पाह्यले होते. मीच चोर म्हणून भांडणारे त्यांच्या पुढं पयल्यांदाच उभे होते. तेवढ्यात मागून छबुबाईचा आवाज आला.

"सरपंच, ह्यांचा निकाल लावून उपेग न्हाई. लगीन लावा."

गाव हसलं. दुष्काळातलं हसू ते, कोरडं, खोकल्यासारखं, पण हसलं. शिवकांताच्या कानापासून मानंपर्यंत जे लाल चढलं... आन् वैजिनाथ आपल्या चपलेचा अंगठा असा बघत बसला, जसं काय तो कालच इकत आणलाय. भांडताना त्या दोघांना जे ठावं नव्हतं, ते सगळ्या पाराला ठावं झालं होतं.

पण हसण्यानं घागर भरत न्हाई. ठरलं ते ठरलंच. डायवर बदलायचा. गुलाब उपटायचा न्हाई, पण त्याला आता बादलीभर सुद्धा पाणी न्हाई, गळक्या व्हॉलचं सुद्धा. जगला तर जगला.

तहसीलच्या टँकर-ठेकेदारानं वैजिनाथला पार गेवराईकडं तलवाड्याच्या बाजूला टाकला. जाताना भेट झाली न्हाई. नवा डायवर आला तो टक्क जागा राहायचा, तोंडात तंबाखू, हातात मोबाईल. आन् त्याच्या टँकरचा व्हॉल एकदम टाईट. शिवकांता ढेकूळ हातात घेऊन दोन-चार दिस उगीच उभी राह्यली. मंग ते बी सोडलं.

झाडं मातर त्या एका पाण्यावर पेटून उठली. शिवारात हिरवं म्हणून काडी नव्हती, आन् ह्या बुटक्या झाडांना फुटवे आले, फुटव्याला कळ्या आल्या, आन् ऐन लगीनसराईत सगळा मळा लाल झाला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, रानाला आग लागली. केजवरून बंब निघालता म्हणं, पण त्यात पाणी नव्हतं म्हणून माघारी फिरला.

अंबाजोगाईचे फुलवाले बांधावर यून बसले. बाया शिवकांताकडं बघायल्या. छबुबाई म्हणली, तोडायला लागायचं का अध्यक्षबाई?

"तोडायची," शिवकांता म्हणली. "पण इकायची न्हाईत. पाणी कुणाचं होतं?"

फुलवाले बडबडत माघारी गेले.

सकाळी टँकर आला तवा बाया टोपल्या घेऊन रांगेपाशी उभ्या. आधी त्या वस्तीवर, जिथं त्या दिशी पाणी पोचलं नव्हतं. भरलेल्या एकेका घागरीवर एकेक गुलाब. तुमच्या पाण्याचा हाय, तुमचाच घ्या, एवढंच शिवकांता म्हणायची. मंग गावात. आप्पाराव म्हणला, मला नको तुमचं फूल. मंग इकडं तिकडं बघून त्यानं दोन घेतले, एक मारुतीला आन् एक... बायकोला, कडूबाईला. पन्नास वर्साच्या संसारात म्हाताऱ्यानं पयल्यांदा बायकोच्या हातात फूल दिलं. ती म्हणली, डोस्क्यावर ऊन चढलं का काय तुमच्या. पण माळलं.

दुसऱ्या दिशी कडूबाई मळ्यात आली. हातात बादली.

"भांडे घासल्याचं पाणी हाय. राखुंडीचं, काळं. तुमच्या झाडाला चालतंय का?"

"चालतंय," शिवकांता म्हणली. तिनं बादली दोन्ही हातांनी घेतली.

कडूबाईच्या मागून दुसरी आली, दुसरीच्या मागून वस्तीवरच्या बाया. कुणी तांदूळ धुतलेलं, कुणी हात धुतलेलं. मळा काही फुलणार नव्हता त्या पाण्यावर. पण मुळ्या जित्या राहणार होत्या. शिवकांतानं झाडं खालपर्यंत छाटली, बुडाला पाचट घातलं, आन् ताणावर, म्हंजे जगण्यापुरत्याच पाण्यावर, सोडून दिली. पाऊस येईपर्यंत आता झाडांनी झोपायचं.

शेवटची थोडी फुलं वल्या फडक्यात बांधून ती एसटीत बसली. छबुबाईला म्हणली, तलवाड्याला वाटा पोचवून येते. छबुबाई म्हणली, त्यानं आपलं पाणी कुठं पेलं? कसला वाटा? शिवकांता म्हणली, पेलं नसंल, वढलं तर त्यानंच. छबुबाईनं पदर तोंडाला लावला.

अंबाजोगाई, केज, बीड, गेवराई... तिथून पुढं जीप. अंगातलं पाणी पार आटलं, फुलांनी माना टाकल्या. वैजिनाथ एका विहिरीवर भेटला. मोटर चालू होती, टाकी भरायली होती, आन् तो पायरीवर बसलेला. जागा. डोळे लाल.

तिला बघून तो उठला, परत बसला.

"झोपलाव न्हाई?"

"येईना. तिकडून आल्यापासून येईना... तुमाला?"

तिनं न्हाई म्हणून मान हालवली. ती त्याच्या शेजारी टेकली, मधी फडकं. फुलं उतरलीत म्हणला तो. मी बी उतरलेच की एवढ्या वाटंनं, ती म्हणली. मंग तिनं गावचं सगळं सांगितलं, घागरीवरचे गुलाब, कडूबाईची बादली. झाडं जगली म्हणून सांगितलं. तो आयकत राह्यला. मोटारीचा आवाज तेवढा चालू.

"मी दमले," ती म्हणली. असं तिनं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

"मी बी."

"दमायचं तर अजून हायच. पाऊस कधी येतो कुणाला ठावं. पण एकटीनं दमायचा कंटाळा आलाय मला..." ती थांबली. फडक्याची गाठ सोडली, परत बांधली. "सोबतीनं दमता का?"

वैजिनाथनं फडक्यावरनं हात फिरवला. मंग हळूच इचारलं, "माझ्या बापाकडं बोलायला कोण येणार?"

"छबुबाई. नवं लुगडं काढून बसली हाय."

"म्हंजे सगळं ठरवून आलाव. मंग मी काय बोलायचं?"

"हो म्हणायचं राह्यलंय तेवढं."

"हो," तो म्हणला. तिच्याकडं न बघताच म्हणला, पण कान लाल झालते गड्याचे.

टाकी भरली. ती त्याच्या बरोबर टँकरमधी बसली, परतीची जीप संध्याकाळशिवाय नव्हती. तांड्यावर पोचले तवा बाया घागरी घेऊन तुटून पडल्या. वैजिनाथ वर चढला, शिवकांतानं पदर खोचला आन् पाईप धरला. बाया थबकल्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं. मंग एक म्हातारी पुढं झाली. ही कोण बाई, तहसीलची म्याडम हाय का, असं तिनं वैजिनाथला इचारलं. तो वरून, ही... म्हंजे ह्या... म्हणत राह्यला.

शिवकांतानं पाईप म्हातारीच्या घागरीत सोडला.

"टँकर सरकारचा हाय, मावशी. डायवर माझा हाय. रांगेत या."

आन् बाया रांगेत आल्या.